ताळगाव पठारावरच्या विद्यापीठाची परंपरा

गोवा विद्यापीठाचा विषय निघाला की ‘कालपरवाचे विद्यापीठ, त्याला कसली आली परंपरा’ असे सहज बोलले जाते. गोवा, दमण आणि दीवच्या विधानसभेने १९८४ साली कायदा केला आणि १ जून १९८५ रोजी विद्यापीठाचे काम सुरू झाले, हे खरे आहे. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठापुढे ते वयाने लहानच ठरते. तरीही हे मत मला पटत नाही. ज्ञानाची जी पुंजी गोव्यात आधीपासून विखुरलेली होती, ती एका छपराखाली आणून सर्वांसाठी खुली ठेवणे, हीच या विद्यापीठाची परंपरा आहे असे मी मानतो.

पोर्तुगीज राजवटीत १८४२ पासून पणजीत वैद्यकीय शाळा होती आणि १८५४ पासून लिसेव, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक विद्यालय, होते. पण त्यापलीकडचे शिक्षण हवे असेल, तर ऐपतीप्रमाणे लिस्बन गाठावे लागे किंवा घाट चढून बेळगाव, पुणे, मुंबईकडे जावे लागे. मराठीतून शिकलेल्या मुलांना तर घाटावरची वाट जवळजवळ ठरलेलीच होती. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि पुढच्याच वर्षी पणजीत धेंपे व मडगावात चौगुले ही महाविद्यालये उभी राहिली. ती मुंबई विद्यापीठाला संलग्न होती. पुढे मुंबई विद्यापीठाने पणजीत पदव्युत्तर केंद्र चालवले आणि नव्या विद्यापीठाचा पाया त्या केंद्रावरच रचला गेला. पहिले कुलगुरू डॉ. बी. शेख अली हे इतिहासकार होते, ही गोष्टही मला महत्त्वाची वाटते.

ताळगाव पठारावर, जुवारी नदीच्या मुखाकडे पाहणाऱ्या या परिसराची रचना सतीश गुजराल यांची आहे. तेथील ग्रंथालयात पांडुरंग पिसुर्लेकर यांचा ग्रंथसंग्रह आहे. १८९४ साली सत्तरीतल्या पिसुर्ले गावात जन्मलेल्या या माणसाने गोव्याच्या पुराभिलेखागाराची धुरा वाहिली, कागद लावून घेतले, त्यांतले महत्त्वाचे दस्तऐवज छापून काढले आणि पोर्तुगीज व मराठे यांच्या संबंधांचा इतिहास दोन्ही बाजूंच्या साधनांतून लिहिला. मराठ्यांच्या इतिहासाचा केवढा तरी भाग गोव्यातल्या पोर्तुगीज कागदांत आहे, याची जाणीव महाराष्ट्रातल्या अभ्यासकांना करून देणाऱ्यांत त्यांचे स्थान फार वरचे आहे. अशा विद्वानाची पुस्तके त्याच्याच भूमीतल्या विद्यार्थ्याला हाताळायला मिळतात, याचे मोल इमारतींच्या वयाने ठरत नाही.

दुसरी परंपरा अतिथी संशोधक प्राध्यापकांच्या अध्यासनांची. दामोदर धर्मानंद कोसंबी, बाकीबाब बोरकर, मारियो मिरांडा, दयानंद बांदोडकर, व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांच्या नावांची अध्यासने येथे आहेत आणि मराठी भाषा-साहित्यासाठी बांद्याचे संतकवी सोहिरोबानाथ आंबिये यांच्या नावाचेही आहे. गणिती, कवी, व्यंगचित्रकार, मुख्यमंत्री, वादक आणि संत एकाच यादीत बसतात, हे मला गोव्याचे खरे चित्र वाटते. त्याहूनही मोलाची गोष्ट अशी की या अध्यासनांच्या व्याख्यानमाला विद्यार्थ्यांपुरत्या राखून ठेवलेल्या नाहीत. पदवी नसलेला नागरिकही नाव नोंदवून तेथे बसू शकतो. ज्यांच्या पिढीला शिक्षणासाठी घर सोडणे परवडले नाही, अशा गोव्यातल्या कितीतरी वडीलधाऱ्यांसाठी हा दरवाजा उघडा असणे हा माझ्या मते न्याय आहे.

आज विद्यापीठातले मराठीचे अध्यापन शणै गोंयबाब यांच्या नावाच्या भाषा-साहित्य संकुलात चालते. कोकणीसाठी आयुष्य वेचलेल्या पुरुषाच्या नावाखाली मराठी शिकवली जाते, आणि कोकणीबरोबर पोर्तुगीजही तेथेच नांदते. कोकणी-मराठी भाषावादाचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यात काही वावगे वाटेल. मला मात्र ही जवळीक हवीशी वाटते, कारण कोकणी आणि पोर्तुगीज बाजूला ठेवून पिसुर्लेकरांना वाचताच येणार नाही. सोहिरोबानाथ अध्यासनाची व्याख्याने पेडणे, सत्तरी, काणकोण येथील वाचनालयांतही व्हावीत आणि त्यांची सूचना मराठी दैनिकांत आधी यावी, एवढी माझी विद्यापीठाकडे मागणी आहे.