किरायाच्या दोन खोल्या आणि माझ्या सामानाचा विमा

आमच्याकडे भाड्याला किराया म्हणतात. दारव्हा तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर बदली होऊन आले, तेव्हापासून मी किरायानेच राहते. दोन खोल्या, विटांच्या भिंती, वर टिन, मागे न्हाणी. समोरच्या भागात घरमालक काकाजी आणि काकू. मधली खोली माणसांची नाही, कापसाची. दिवाळीनंतर वेचणीचा कापूस तिथे येऊन पडतो आणि भाव वाढेल या आशेवर कधी फेब्रुवारी, कधी एप्रिलपर्यंत आढ्याला टेकून बसतो. माझा गॅसचा ओटा नेमका त्याच भिंतीला लागून. काकाजींना माझ्या गॅसची आणि कुलरच्या वायरीची भीती, मला त्यांच्या कापसाची. तीन वर्षं आम्ही एकमेकांना "जपून बरं" एवढंच म्हणत होतो.

विम्याचं डोक्यात आलं ते मागच्या गल्लीतल्या आगीने. घर एकाचं, राहणारा दुसरा. पंचनामा झाला. ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदीत, म्हणजे नमुना आठवर, नाव घरमालकाचं, त्यामुळे टिन, फाटे (टिनाखालचे वासे), भिंती असं सगळं त्यांच्या नावाने लिहिलं गेलं. किरायादाराचा फ्रीज, कपाट, पोरीची सायकल "घरगुती साहित्य" या दोन शब्दांत आटोपलं. तो माणूस कपाटाच्या जळक्या दाराला हात लावून काय काय होतं ते सांगत होता, आणि लिहिणाऱ्याने कागद केव्हाच घडी करून खिशात घातला होता. त्या रात्री मी माझ्या खोलीत नुसती बघत बसले. यातलं कोणाच्या खात्यावर आहे? काकाजींच्या तर नाही.

विमा म्हटलं की गावात तीनच गोष्टी कळतात: एलआयसी, गाडीचा आणि पिकाचा. तालुक्याच्या एजंटाने मला आधी आयुर्विमा दाखवला, मग दुकानाचा. "घर तुमचं नाही तं विमा कशाचा काढता मॅडम?" मी म्हटलं, घरातलं तर माझं आहे ना. त्याने वर फोन लावला आणि मग जरा वेगळ्या आवाजात म्हणाला, हो, मिळते.

मिळते तिचं नाव भारत गृह रक्षा. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, सगळ्या सामान्य विमा कंपन्यांना घरासाठी ही एकसारखी पॉलिसी ठेवायला लावली. कंपनी कोणतीही असो, मूळ शर्ती त्याच. आग, वीज पडणं, वादळ, पूर, भूकंप, दंगल यात आहे. फक्त इमारतीचा काढता येतो, फक्त सामानाचा काढता येतो, दोन्हीचाही. घरमालकाने इमारतीचा काढला तर त्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, एवढं सामानाचं संरक्षण आपोआप मिळतं. पण ते त्याच्या सामानाचं. किरायादाराचा पाट-लाटणंसुद्धा त्यात येत नाही. आणि उलटंही खरं: माझ्या सामानाच्या पॉलिसीतून काकाजींच्या भिंतीला एक वीटही मिळणार नव्हती.

फॉर्म पहिल्यांदा अडला तो छतावर. एजंट म्हणे, टिनाचं घर म्हणजे कच्चं, नाही होत. मी पॉलिसीची शब्दरचना फोनवर उतरवून घेतली आणि रात्री वाचली. कच्चं म्हणजे गवत, बांबू, लाकडी फळ्या, ताडपत्री, प्लास्टिक, कापड असल्या वस्तूंच्या भिंती किंवा छत. टिन त्या यादीत नाही. विटांवर टिन म्हणजे पक्कं. दुसऱ्या दिवशी मी त्याला ते वाक्य दाखवलं. त्याने दोनदा वाचलं आणि म्हणाला, हे मलेबी मालूम नव्हतं. आपल्याकडची अर्धी घरं टिनाची. किती जणांना त्याने परत पाठवलं असेल कोण जाणे.

दुसऱ्यांदा फॉर्म अडला तो कापसावर. घरात धंद्याचा माल साठवता का? माझ्या खोल्यांत नाही, शेजारच्या खोलीत आहे. एजंट म्हणाला, लिहू नका. मी लिहिलं. विचारलेलं लपवलं तर नेमकं त्याच कागदावर बोट ठेवून दावा नाकारतात, एवढं मला समजत होतं. काही बिघडलं नाही, आठवडाभर उशीर झाला फक्त.

तिसरा कागद होता राहण्याच्या पुराव्याचा, आणि आमच्यात करारनामाच नव्हता. काकाजींना विचारलं तर त्यांचा चेहराच उतरला. "करारनामा कायले पाह्यजे? तीन वर्सं झाले, मी तुमाले कधी काही म्हटलं काय?" खरी भीती वेगळीच होती. करार केला की बाई घर बळकावते, असं त्यांना कोणीतरी चावडीवर सांगितलं होतं. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स असतो, त्यात घर तुमचंच राहतं, हे समजवायला तीन संध्याकाळ लागल्या, त्यातली एक काकूंनी खर्ची घातली. शेवटी नोंदणी झाली. ग्रामीण भागात नोंदणी फी ५०० रुपये. मुद्रांक शुल्क एकूण किरायाच्या पाव टक्का, म्हणजे महिना अडीच हजाराने ११ महिन्यांचे २७,५०० आणि त्याचे सत्तर रुपयेही नाहीत. करून देणाऱ्याने स्वतःचे घेतले ते या सगळ्याहून जास्त.

मग सामानाची यादी. हे काम मला आवडलं, खरं सांगते. वही घेऊन दारापासून निघाले. फ्रीज, कुलर, टीव्ही, मिक्सर, शिलाई मशीन, प्लायवूडचं कपाट, दोन गाद्या, पितळी गुंड, आईने दिलेली सहा ताटं. प्रत्येकाचा फोटो, बिल असेल तर बिलाचा. आपल्याजवळ काहीच नाही असं वाटत होतं, बेरीज झाली दोन लाख चाळीस हजार. रोख पैसे, कागदपत्रं, स्कूटी यात धरत नाहीत. सोन्यासाठी वेगळं घ्यावं लागतं, ते मी घेतलं नाही. चोरीही साधी धरत नाहीत, फक्त वादळ-आगीसारखी घटना घडल्यावर सात दिवसांच्या आत झाली तरच. दिवाळीत कुलूप लावून अकोल्याला जाते, त्या काळजीसाठी घरफोडीचं वेगळं संरक्षण जोडलं. १८ टक्के जीएसटी धरून वर्षाची पावती हजाराच्या आत आली.

काकाजींना म्हटलं, तुम्हीही इमारतीचा काढा. घर राहण्यालायक उरलं नाही तर बुडालेला किरायासुद्धा त्यात भरून मिळतो. ते हसले. "एका रुपयात साऱ्या पिकाचा इमा निघते, आन् घराले हजार रुपये?" (तेव्हा एक रुपयाचा पीकविमा चालू होता. २०२५ च्या खरिपापासून बंद झाला.) शिवाय त्यांना विमा हवा होता तो प्लॉटच्या किमतीवर. तसा होत नाही, बांधायला जो खर्च येतो तेवढाच धरतात. जमीन काही जळत नाही. "मंग राहू द्या," म्हणाले.

पुढच्या एप्रिलमध्ये संध्याकाळी मी चौथीचे पेपर तपासत होते. आभाळ काळं नाही, पिवळं झालं. काकू वाळवण उचलायला धावल्या. आधी धूळ आली, मग वरून करकर असा आवाज, जसा कोणी पत्र्याचा डबा उघडतोय. स्वयंपाकखोलीवरची तीन टिनं एकाच बाजूने उचलली गेली, क्षणभर उभी राहिली आणि बाभळीकडे गेली. वरून पाणी नाही, गारा. मी आधी पेपर गादीखाली घातले, मग स्वतः दारात उभी राहिले. गाद्या भिजल्या, पेपर वाचले.

रात्रीच कंपनीच्या टोल फ्री नंबरवर कळवलं. ही अक्कल काकाजींची. पिकाचं नुकसान ७२ तासांत कळवायचं असतं, ते त्यांना पाठ. "आधी फोन करा मॅडम, मंग रडा." काही हलवण्याआधी फोटो काढले, मग उरलेल्यावर ताडपत्री टाकली. आणखी नुकसान होऊ न देणं हेही आपल्यावरच असतं.

चौथ्या दिवशी यवतमाळहून नुकसान तपासणारे सर्व्हेअर आले. वादळ होतं की छत आधीपासून गळत होतं, हा त्यांचा पहिला प्रश्न, कारण नुसत्या गळतीला पैसे नाहीत. ते शिडीवर चढले, फाट्यावर अजून लटकत असलेला वाकडा हूक हातात घेऊन फोटो काढला, उखडलेल्या टिनाचं फाटलेलं भोक पाहिलं. आणि मग विचारलं, टीव्ही भिजला का? मी खरं सांगितलं. टीव्ही दुसऱ्या खोलीत कोरडा होता. दुसऱ्या दिवशी लाईन आली ती जास्तीच्या व्होल्टेजने, आणि तो धूर सोडून बंद पडला. त्यांनी यादीत टीव्हीवर रेघ मारली. विजेच्या दाबाने किंवा शॉर्टने तेच यंत्र बिघडलं तर भरपाई नाही. त्यातून आग पसरली तर बाकीच्याची मिळते. भिजून लगदा झालेली माझी डी.एड.ची मूळ गुणपत्रिकाही त्यांनी नुसती पाहिली आणि परत दिली. ती मी वर्तमानपत्रात दाबून खाटेखाली आठ दिवस वाळवली. आता तिच्या पाठीवर कापसाच्या भावाची बातमी उलटी उमटली आहे.

४६ हजारांच्या यादीतले ३१ हजार जूनमध्ये खात्यावर आले. टीव्हीचे बारा गेले. कपाटाची दुरुस्ती धरली, नवं धरलं नाही. मला ते पटलं नाही, पण भांडायची ताकद नव्हती.

काकाजींनी टिनं, फाटे, मिस्त्री सगळं पदरचं केलं. पंधरा दिवस मी एका मैत्रिणीकडे होते, त्या अर्ध्या महिन्याचा किराया त्यांनी मागितला नाही आणि मीही दिला नाही. पोळ्याला पुण्याचा मुलगा आला. कोणी काही न बोलता त्याने मोबाईलवरून इमारतीची पॉलिसी काढली. धंद्याच्या मालाच्या प्रश्नाशी येऊन तो थांबला आणि बापाकडे पाहू लागला. काकाजी म्हणाले, "लिव ना, खोलीत कापूस असते म्हणून. मॅडमनं लिवलं, आपन बी लिवू."

तो कापूस त्या पॉलिसीत धरलेला नाही, हे त्यांना माहीत आहे. यंदाही मनासारखा भाव नाही, म्हणून तो पुन्हा माझ्या ओट्यामागच्या भिंतीला टेकून बसला आहे. परवा विचारलं तर म्हणाले, पंधरा दिवस.