पिंट्याचा इन्शुरन्स आणि एक प्रश्नचिन्ह

इंग्लंडमध्ये कुत्रा पाळलेली दोन मराठी घरं एकत्र आली की चहा संपायच्या आत व्हेटच्या (प्राण्यांच्या डॉक्टरच्या) बिलांचा विषय निघतो, आणि मग मी तीच कहाणी पहिल्यापासून सांगायला बसते. म्हणून एकदाच लिहून टाकते आहे. राग अजून पुरता निवलेला नाही, सूर कुठे चढला तर सांभाळून घ्या.

पिंट्या आमचा कॉकर स्पॅनियल. मुक्काम रेडिंग, वय सहा पूर्ण. पिल्लू होता तेव्हा त्याच्या इन्शुरन्सचा हप्ता महिना २३ पौंड होता. चढत चढत मागच्या वर्षी ४१ झाला आणि या वर्षीच्या रिन्यूअलच्या पत्रात एकदम ६७. मागच्या वर्षीचा आकडाही त्याच पत्रात छापायचा, असा इथे २०१७ पासून नियम आहे, त्यामुळे किती वाढ झाली हे बघायला जुने कागद धुंडाळावे लागले नाहीत. सांगलीला आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, एवढ्यात आमच्या दोघांचा मेडिक्लेम निघतो की!"

तिचं खरं आहे. पण पिंट्याने दोन उन्हाळ्यांपूर्वी बार्बेक्यूच्या वेळी मक्याच्या कणसाचा बुरकुंडा गिळला होता. तो आतड्यात अडकला, रात्रीच ऑपरेशन झालं, बिल ३,४०० पौंड. आमच्या कंपनीने ९९ पौंडांचा एक्सेस (क्लेममधली आपण स्वतः भरायची ठरलेली रक्कम) कापून बाकी सगळं मुकाट्याने भरलं. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. माणसांसाठी इथे एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा आहे, कुत्र्यासाठी कोणी नाही, एवढंच लक्षात ठेवा.

हप्ता एवढा का वाढतो? कुत्रा म्हातारा होतो हे एक कारण. जात आणि पोस्टकोड ही आणखी दोन. पण मूळ दुखणं व्हेटच्या बिलात आहे. बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या इथल्या कॉम्पिटिशन अँड मार्केट्स ऑथॉरिटीने या धंद्याची चौकशी लावली, तेव्हा २०१६ ते २०२३ या काळात दर ६३ टक्क्यांनी वाढल्याचं त्यांनीच म्हटलं. २०१३ मध्ये दहातला एक दवाखाना मोठ्या साखळीच्या मालकीचा होता, आता दहातले सहा आहेत. या साखळीवाल्यांचं नाव पुढे पुन्हा येणार आहे. वर हप्त्यात १२ टक्के इन्शुरन्स टॅक्स असतोच. आणखी एक गोष्ट, जी मला कोणी सांगितली नव्हती: जानेवारी २०२२ पासून गाडीच्या आणि घराच्या इन्शुरन्समध्ये जुन्या ग्राहकाला नव्यापेक्षा जास्त दर लावायला बंदी आहे. ती बंदी पाळीव प्राण्यांच्या पॉलिसीला नाही. 'गाडीचं करतो तसं दरवर्षी कंपनी बदलू' असं म्हणणाऱ्यांनी हे आधी समजून घ्या, कारण बदलणंही इथे सोपं नाही. माझी सगळी कथा तिथेच अडकली.

नव्या कंपन्यांचे कोट्स तेवढ्याच कव्हरसाठी ४६ ते ५२ पौंड येत होते. नवरा म्हणाला, "घे आणि मोकळी हो." मी म्हटलं, थांब. व्हेटकडून पिंट्याची संपूर्ण क्लिनिकल हिस्टरी, म्हणजे तपासण्या-उपचारांच्या सगळ्या नोंदी, मागवली. ती कोणत्याही मालकाला मागता येते, आणि कंपनी बदलण्याआधी ती वाचल्याशिवाय एक पाऊल टाकू नका. वाचता वाचता एका ओळीवर मी थबकले. चार वर्षांपूर्वीच्या जुलैतली नोंद: उजवा कान खाजवतो, डोकं झटकतो, कान लाल, थेंब दिले. आणि शेवटी प्रश्नचिन्ह टाकून एकच शब्द, अ‍ॅटोपी.

अ‍ॅटोपी म्हणजे अंगातच असलेली अ‍ॅलर्जी. ती मुळापासून बरी होत नाही, कुत्रा जन्मभर खाजवतो आणि मालक जन्मभर बिलं भरतो. इन्शुरन्सवाल्यांना या शब्दाची जबरदस्त धास्ती. डॉक्टरांनी त्या दिवशी मनात आलेली शंका टिपून ठेवली, त्यात गैर काही नव्हतं. पण खरा प्रकार वेगळाच निघाला होता. पिंट्याच्या कानात गवताचं कुसळ शिरलं होतं. उन्हाळ्यात इथल्या कुरणांतून हुंदडणाऱ्या स्पॅनियलच्या लोंबत्या, केसाळ कानात कुसळ जाणं हा नेहमीचा प्रकार. काही दिवसांनी दुसऱ्या डॉक्टरांनी गुंगीचं इंजेक्शन देऊन ते काढलं, कान बरा झाला, आम्ही विसरूनही गेलो. पण हिस्टरीत कुसळ काढल्याचा उल्लेखच नाही! शंका कागदावर राहिली आणि तिचं उत्तर गायब.

मधल्या काळात आमचा दवाखाना एका मोठ्या साखळीने विकत घेतला होता, कॉम्प्युटरची सिस्टिम बदलली होती, आणि कुसळ काढणारे डॉक्टर नोकरी सोडून गेले होते. काही नोंदी नव्या सिस्टिममध्ये आल्या, काही आल्या नाहीत. आमच्या नशिबाने नको ती आली आणि हवी ती राहिली.

इन्शुरन्सच्या जगात आजाराचं निदान झालेलं असावं लागत नाही. पॉलिसी सुरू होण्याआधी नुसतं लक्षण दिसलं असलं तरी ते प्री-एक्झिस्टिंग, म्हणजे आधीपासूनचं, म्हणून कव्हरबाहेर. त्या वेळी तुम्ही क्लेम केला होता की नाही, याला काडीची किंमत नाही. आम्ही केलाच नव्हता, बिल लहान होतं. आणि अशा नोंदीवरून नुसता उजवा कान वगळत नाहीत, 'कान आणि त्वचेचे सर्व आजार' वगळतात. कॉकर स्पॅनियलच्या पॉलिसीतून कान काढले तर मग उरलं काय?

म्हणून नव्या कंपनीला फोन केला आणि सरळ विचारलं, "अशी नोंद आहे, तर कान आणि त्वचा कव्हर होणार का?" पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "ते क्लेम आल्यावर तपासलं जाईल." मी विचारलं, "म्हणजे मी जुनी पॉलिसी सोडायची, तुमचे हप्ते भरत राहायचे, आणि कुत्र्याचा कान सुजला की मग तुम्ही सांगणार, तो कान कव्हर होता की नव्हता?" ती म्हणाली, "हो, कारण हिस्टरी क्लेम्स टीम बघते. आम्ही सेल्स." बिचारी नीट बोलत होती, तिचा दोष नव्हता. पण माझं डोकं फिरायचं ते फिरलंच.

पुष्कळ हुज्जत घातल्यावर कळलं की त्यांच्याकडे अंडररायटिंगची, म्हणजे काय कव्हर करायचं ते ठरवणारी, एक टीम आहे आणि ती पॉलिसीआधी हिस्टरी बघू शकते. (काही कंपन्या हे करतात, काही मुळीच करत नाहीत. विचारल्याशिवाय मात्र कोणीच सांगत नाही.) अट एकच, हिस्टरी दवाखान्याकडून थेट आली पाहिजे. दवाखान्यात गेले. रिसेप्शनवर उत्तर मिळालं, "आम्ही इन्शुरन्सला हिस्टरी पाठवतो, पण क्लेम नंबर द्या." क्लेम नंबर कुठून आणू, पॉलिसीच नाही! कंपनीला फोन. "पॉलिसी घ्या, मग नंबर मिळेल." आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी गत. दोन्हीकडे होल्डवर तेच पियानोचं संगीत, आणि मधूनमधून 'तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे'.

शेवटी दवाखान्याने हिस्टरी पाठवायचं कबूल केलं, पण आता मीच म्हटलं, थांबा, अशी अर्धवट पाठवू नका. आधी कुसळाची नोंद त्यात येऊ दे. तर उत्तर आलं, "जुन्या नोंदी बदलता येत नाहीत." अहो, बदला कुठे म्हणते आहे! माझ्या जुन्या ईमेलमध्ये त्याच दवाखान्याचं त्या वेळचं बिल सापडलं. त्यावर स्वच्छ लिहिलेलं: उजव्या कानातली बाहेरची वस्तू काढणे, सेडेशनसह. ते बिल जोडून पाठवलं. मॅनेजर रजेवर. मॅनेजर परत आल्या, मग सिस्टिमचं काम करणाऱ्यांना विचारावं लागणार होतं. मग पुन्हा शांतता. इकडे रिन्यूअलची तारीख जवळ येत चाललेली.

या वेळी दोन गोष्टी उपयोगी पडल्या. पहिली, एका मैत्रिणीने सांगितलेला शब्द: 'अ‍ॅडेंडम' मागा. डॉक्टरांना जुनी नोंद पुसता येत नाही आणि पुसूही नये, पण आजच्या तारखेची पुरवणी नोंद जोडता येते. मी 'दुरुस्ती करा' म्हणत होते तोवर सगळे बिचकत होते, 'पुरवणी नोंद जोडा' म्हटल्यावर घाबरण्यासारखं काही उरलं नाही. दुसरी गोष्ट, व्हेट आणि ग्राहक यांच्यातल्या भांडणांसाठी इथे एक मोफत मध्यस्थी सेवा आहे, व्हेटरनरी क्लायंट मेडिएशन सर्व्हिस. आधी दवाखान्याकडे रीतसर लेखी तक्रार करायची, तिथे भागलं नाही तर त्यांच्याकडे जायचं. माझ्या पुढच्या ईमेलच्या विषयातच मी 'लेखी तक्रार' असं लिहिलं आणि खाली शांतपणे त्या सेवेचं नाव घातलं. तिथे जायची वेळ आलीच नाही. मुख्य डॉक्टरांनी स्वतः फोन केला, बिल बघितलं, पिंट्याचे दोन्ही कान तपासले आणि तिथल्या तिथे लिहून टाकलं: कानाचा संसर्ग कुसळामुळे, कुसळ काढलं, पूर्ण बरा, त्यानंतर अ‍ॅटोपीची कोणतीही लक्षणं नाहीत. ज्या ओळीसाठी मी एवढी वणवण केली, ती लिहायला त्यांना चहा निवण्याएवढाही वेळ लागला नाही. आनंद झाला की संताप आला, मला तेव्हाही कळलं नव्हतं.

नव्या कंपनीचं लेखी उत्तर आलं. कान आणि त्वचा कव्हर! पण कणसाच्या ऑपरेशनमुळे पचनसंस्थेचे आजार दोन वर्षं वगळले. म्हणजे कान परत मिळवले आणि पोट गमावलं. मोजे, बोळे, बदकांची शिट असं जे दिसेल ते तोंडात घालणाऱ्या कुत्र्याचं पोट वगळून मी काय करू? नवऱ्याने काही न बोलता लॅपटॉप बंद केला.

तर आम्ही जुन्याच कंपनीत राहिलो. मात्र ६७ पौंड देऊन नाही. फोन करून एक्सेस ९९ वरून २५० केला, हप्ता ५४ वर आला. किरकोळ बिलं आपण भरायची आणि मोठ्या बिलासाठी पॉलिसी ठेवायची, हा हिशेब मला पटला. वर्षाचं १२,००० पौंडांचं लिमिट (कंपनी जास्तीत जास्त देणार ती रक्कम) मात्र कमी केलं नाही. ते उतरवून हप्ता आणखी पडत होता, पण एकदा उतरवलेलं लिमिट पुढे वाढवलं तर तोवर झालेल्या आजारांना वाढीव रक्कम लागू होत नाही, असं आमच्या पॉलिसीत स्पष्ट आहे. ही ओळ तुमच्या पॉलिसीत शोधा.

पिल्लू आणणार असाल तर खरी निवड त्याच आठवड्यात होते, नंतर फार वाव राहत नाही. 'लाइफटाइम' पॉलिसीत दरवर्षी लिमिट नव्याने भरतं आणि जुना आजारही पुढे चालू राहतो, अट एवढीच की खंड पडता कामा नये. 'टाइम लिमिटेड' मध्ये एका आजाराला साधारण बारा महिने मिळतात, मग तो आजार कायमचा बाहेर. 'मॅक्सिमम बेनिफिट' मध्ये एका आजाराला एकच रक्कम, संपली की संपली. सगळ्यात स्वस्त 'अ‍ॅक्सिडेंट ओन्ली', नावातच सगळं आलं. मधुमेह, अ‍ॅलर्जी, सांधे असली रेंगाळणारी दुखणी लक्षात घेता मी लाइफटाइमच घेईन, आणि पहिल्या वर्षी सगळ्यात स्वस्त कोट देणाऱ्या कंपनीकडे जरा संशयाने बघेन.

कंपनी बदललीच तर जुनी पॉलिसी त्याच दिवशी बंद करू नका. नव्या पॉलिसीत आजाराचं कव्हर बहुधा पहिले चौदा दिवस सुरूच होत नाही. आणि मन बदललं तर नवी रद्द करायलाही चौदाच दिवस मिळतात. तेवढे दिवस दोन्ही चालू ठेवा. कुत्र्याने एखाद्या सायकलवाल्याला पाडलं तर लागणारं थर्ड पार्टी कव्हर पॉलिसीत आहे का तेही बघा, स्वस्त पॉलिस्यांतून ते हळूच गळलेलं असतं. क्लेम नाकारला गेला तर कंपनीकडे लेखी तक्रार करा. आठ आठवड्यांत समाधान झालं नाही तर फायनान्शियल ओम्बड्समनकडे (अशा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे) जाता येतं, त्याला पैसे पडत नाहीत. दातांचा क्लेम हवा असेल तर दरवर्षी दात तपासल्याची नोंद लागते. ती नोंद हिस्टरीत खरोखर चढली का, हे दवाखान्यातून निघण्याआधी विचारा. मी आता प्रत्येक भेटीनंतर नोंदीची प्रत मागून घेते. रिसेप्शनवर मला बघून ते न विचारताच प्रिंट काढतात.

पिंट्या नऊ वर्षांचा झाला की आमच्या पॉलिसीत एक्सेस सोडून उरलेल्या प्रत्येक बिलाचे २० टक्के आम्हालाच भरायचे आहेत. एक्सेस वाढवून वाचलेले महिन्याचे १३ पौंड त्यासाठी वेगळ्या खात्यात टाकायला सुरुवात केली आहे.