पाच कपांतला एक

कॉफी चाखून तिला गुण देणं हे माझं काम, पण एका सॅम्पलचा नक्की आकडा काय लिहायचा हे मला अजून ठरवता येत नाहीये. ७८, ८० की ८६. तिन्ही आमच्याच टेबलावर आले आणि तिन्हींची बाजू कुणीही मांडून दाखवू शकेल.

आधी थोडक्यात नियम सांगते. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनच्या शंभर गुणांच्या फॉर्मवर ८० किंवा त्यावर पडले की कॉफी स्पेशालिटी, ७९.७५ पडले की नाही. २०२३ पासून कॉफी व्हॅल्यू असेसमेंट नावाची नवीन पद्धत आलीये, त्यात चवीचं वर्णन वेगळं आणि चांगली वाटली की नाही ते वेगळं, पण आमच्या क्लायंटना अजून जुनाच फॉर्म हवा असतो, सवय दुसरं काय. आणि हो, लोकांना वाटतं आम्ही दिवसभर मजेत कॉफी पितो. पीत नाही, थुंकतो.

सॅम्पल येतं ते नुसत्या कोडवर. कुठला देश, कुणाची बाग, काही सांगत नाहीत आणि सांगूही नये. वॉश्ड आहे, म्हणजे चेरीचा (कॉफीच्या फळाचा) गर काढून, धुऊन मग दाणे वाळवलेत, एवढंच कळलं होतं. ग्रीन, म्हणजे न भाजलेला माल, मी स्वतः निवडलं, हे काम मी कुणाला देत नाही. ३५० ग्रॅम कच्चे दाणे काळ्या मॅटवर पसरायचे, वरून पांढरा दिवा, आणि एकेक दाणा बोटाने सरकवायचा. पहिल्या वर्गाचा एकही दोष चालत नाही, म्हणजे पूर्ण काळा दाणा, पूर्ण आंबलेला, बुरशी लागलेला, वाळलेली अख्खी चेरी, काडी-खडा. दुसऱ्या वर्गाचे, तुटके, कोवळे, सुरकुतलेले वगैरे, हिशोबाने पाचपर्यंत चालतात, आणि त्यातही पाच तुटके मिळून एक दोष धरायचा. यात जेमतेम दोन भरले. ओलावा १०.९ टक्के, १० ते १२ मध्ये असला की झालं. रंग सगळ्या ढिगाला एकसारखा, निळसर हिरवा, कडा पांढुरक्या पडलेल्या नाहीत, म्हणजे वाळवताना घाई केलेली नाही, पातळ थर दिलाय, भर उन्हात झाकलंय, दिवसातून कितीदा तरी हलवलंय. भाजल्यावर १०० ग्रॅममध्ये क्वेकर शून्य. क्वेकर म्हणजे कच्च्या चेरीतला दाणा, कितीही भाजा फिकाच राहतो आणि कपात शेंगदाण्याच्या टरफलासारखा लागतो. तोडणाऱ्यांना मजुरी वजनावर मिळत असताना फक्त पिकलेलीच चेरी तोडून घेणं किती अवघड असतं हे बागेत उभं राहिल्याशिवाय कळत नाही. थोडक्यात कुणीतरी जीव ओतून केलेलं काम होतं. कॅफेत भिंतीवर मोगरा, पीच, कारमेल असं लिहून ठेवतात ना, ते सगळं या कामानंतर येतं, पण याबद्दल त्या भिंतीवर एक ओळ नसते.

आता टेबल, म्हणजे चाखायची एक फेरी. एका सॅम्पलचे पाच कप. प्रत्येक कपाला ८.२५ ग्रॅम आणि १५० मिली पाणी, ९३ अंशाचं. बाहेरच्यांना हमखास न सुचणारी गोष्ट म्हणजे हे पाचही कप दाणे असतानाच वेगवेगळे तोलायचे आणि वेगवेगळे दळायचे. एकदम दळून वाटून टाकलं तर अर्धा वेळ वाचेल, पण मग एखादा खराब दाणा असला तर तो पाचांत पसरून जाईल आणि कुणाला पत्ताही लागणार नाही. एका कपात साधारण साठेक दाणे जातात, त्यात एक जरी वाईट असला तरी तो त्याच कपात अडकला पाहिजे, त्यासाठी हा सगळा उपद्व्याप.

चार मिनिटांनी क्रस्ट, म्हणजे वर तरंगून आलेला कॉफीचा थर, फोडायचा. नाक जवळजवळ कपात घालून चमच्याने वरचा थर मागे सारायचा, तेव्हा जो वास सुटतो तो परत मिळत नाही. पहिला कप, दुसरा कप, संत्र्याची साल, फुलांचा वास, वा. तिसरा फोडला आणि मी थांबले. तीच फुलं, पण खाली काहीतरी आंबूस, फळ कुजायला लागलं की येतो तसा वास. चौथा स्वच्छ, पाचवा स्वच्छ. बोलायचं नसतं, प्रत्येकाने आपापलं लिहायचं, त्यामुळे मी तोंड सरळ ठेवून पुढे सरकले.

टेबलावर आम्ही तिघं होतो, मी, आमचे सर आणि एक नवीन पोरगा. सरांची जीभ म्हणजे विषयच नाही. पोराला येऊन फार दिवस झाले नव्हते, पण कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे सगळ्यांचे गुण जुळवून बघताना, तो आमच्या पाव-अर्ध्या गुणात असायचा.

कप गरम होता तोवर तिसऱ्यात तो वास फक्त मागे कुठेतरी होता. कोमट झाला तसा पुढे आला. अगदी निवल्यावर मला तो घोट तोंडात ठेववेना. कॉफीची हीच गंमत आहे, गरमपणात बरंच काही लपतं, म्हणून आम्ही शेवटची फेरी कप पार निवल्यावर करतो आणि म्हणूनच उकळती कॉफी पिणाऱ्यांना बरेच दोष कधी भेटतच नाहीत.

मग फॉर्म समोरासमोर ठेवले. वास ८.२५, चव ८, मागे रेंगाळणारी चव ७.७५, ॲसिडिटी ८.२५, बॉडी (तोंडात जाणवणारा दाटपणा) ७.७५, बॅलन्स ८, एकूण मत ८, बेरीज ५६. त्यावर युनिफॉर्मिटी (पाचही कप सारखे असणं), क्लीन कप (कपात खोट नसणं) आणि गोडवा यांचे दहा-दहा, कपाला दोन, म्हणजे पाचही कप नीट असते तर ८६, फार छान आकडा. तिसऱ्या कपामुळे युनिफॉर्मिटीचे २ गेले, क्लीन कपचे २ गेले, गोडवा तेवढा शाबूत होता, झाले ८२. आता दोषाचे वजा करायचे. टेंट धरला, म्हणजे जाणवतोय पण कप मारत नाही, तर २. फॉल्ट धरला, म्हणजे कप पिण्यालायक राहिला नाही, तर ४. टेंट म्हटलं की बरोब्बर ८० आणि फॉल्ट म्हटलं की ७८. माझ्याच फॉर्मवर गरम असताना टेंट लिहिलेलं आणि शेवटी ते खोडून फॉल्ट. सर टेंटवर ठाम, पोरगा फॉल्टवर. "मला हा गिळता येत नाहीये मॅडम, अजून काय पाहिजे?"

असा एकटा कप बिघडतो तो कशाने? रवांडा-बुरुंडीकडच्या कॉफीत कच्च्या बटाट्याचा वास येतो तो एक प्रकार, अँटेस्टिया नावाच्या ढेकणासारख्या किड्याशी त्याचा संबंध लावतात, तिथेही एकच दाणा असतो आणि एकच कप जातो. पण हा बटाटा नव्हता, ही कुजट आंबलेली चव, बहुतेक स्टिंकर. पल्परमध्ये (चेरीची साल काढायच्या यंत्रात) किंवा आंबवायच्या टाकीच्या कोपऱ्यात आदल्या दिवसाचे चार दाणे चिकटून राहतात, ते अति आंबतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या मालाबरोबर वाहून पुढे जातात. वाळल्यावर दिसायला बाकीच्यांसारखेच. कधीकधी अतिनील दिव्याखाली चमकतात, कधी नाही. म्हणजे बागेत सगळं नीट केलेलं, फक्त एका संध्याकाळी टाकीचा कोपरा कुणी नीट धुतला नसणार. अर्थात हा माझा अंदाज.

सर म्हणाले परत भाजू. भाजलं, नियमाप्रमाणे आठ तास ठेवलं, दुसऱ्या दिवशी परत पाच कप. पाचही लख्ख, परत ८६. सर खूश, "पहिलं टेबल नशीब वाईट होतं, हेच पाठवून द्या."

त्यावर पोरगा म्हणाला, "पहिलं टेबल स्वच्छ आलं असतं तर आपण दुसरं लावलं असतं का?"

कुणी काही बोलेना. मग तो पुढे म्हणाला, "तो दाणा आपण दळून टाकला म्हणून लॉट स्वच्छ झाला का?"

सरांना ते उद्धट वाटलं, मला नाही वाटलं. दोन टेबलं मिळून जवळपास सहाशे दाणे आम्ही चाखले आणि त्यात किमान एक वाईट निघाला, आम्हाला पक्कं माहीत आहे ते एवढंच. नशीब वाईट होतं म्हणायचं तर दुसऱ्या दिवशीचं नशीब चांगलं होतं हेही म्हणावं लागेल. सरांचंही चूक नाही, एका दाण्यापायी इतक्या निगुतीने केलेल्या मालाच्या कपाळावर ७८ मारायचे, म्हणजे स्पेशालिटीतूनच बाद, हे त्यांना बघवत नव्हतं. मलाही नव्हतं. ते ग्रीन मी हाताने निवडलं होतं ना.

शेवटी मी दोन्ही फॉर्म जोडून पाठवले, सरासरी न काढता, आणि शेऱ्यात लिहिलं की प्रत्येक पोत्यातून नव्याने सॅम्पल काढून पाठवा, दिवसवार लॉट वेगळे ठेवले असतील तर उत्तमच. क्लायंटचा फोन आला. दोन आकडे घेऊन मी काय करू, मला एक आकडा द्या. मी म्हटलं, नवीन सॅम्पल द्या. त्यांनी माल दुसऱ्या लॅबला दिला, तिथे एका टेबलात ८५.७५ मिळाले, आणि लॉट विकला गेला. हे त्यांनीच मला सांगितलं, जरा चढ्या आवाजात. त्या लॅबने काही गैर केलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या तीनशे दाण्यांत तो नव्हता, बस.

त्यानंतर मी मालकांना म्हटलं की इथून पुढे प्रत्येक सॅम्पलला दोन टेबलं लावू, चांगलं येवो की वाईट. ते म्हणाले परवडत नाही, आणि खरंच नाही परवडत, दिवसाला निम्मीच सॅम्पलं होतील. मग एवढं ठरवलंय की दुसरं टेबल लावलंच तर पहिलं खोडायचं नाही, रिपोर्टवर दोन्ही छापायचे. सरांनी त्या कागदावर अजून सही केलेली नाही.