नेइग्वान आणि कुंभार्ली घाट: नऊ फेऱ्यांची नोंद

मला गाडी लागते, अगदी लहानपणापासून. माहेर चिपळूणचं, सासर कराडचं आणि मधे कुंभार्ली घाट. आवळासुपारी, लिंबू, आलेपाक, पोटाशी वर्तमानपत्राची घडी, सगळं करून झालं. मागच्या नोंदीत झूसानलीबद्दल, म्हणजे चिनी ॲक्युप्रेशरमधल्या गुडघ्याखालच्या दाबबिंदूबद्दल लिहिलं होतं, तेव्हा दोघी-तिघींनी विचारलं, "आणि मळमळीचा बिंदू?" तर हा घ्या. चार महिने, नऊ फेऱ्या.

नेइग्वान हा हृदयावरण वाहिनीवरचा सहावा बिंदू. चिनी वैद्यक शरीरात ऊर्जेच्या वाटा मानतं, त्या या वाहिन्या. या वाहिनीवर एकूण नऊच बिंदू आहेत, म्हणून नवशिक्यांना ती सोपी वाटते. 'नेइ' म्हणजे आतलं आणि 'ग्वान' म्हणजे खिंडीतलं नाकं, वेशीचा दरवाजा. हे वाचलं तेव्हा मी एकटीच हसले. घाटात ओकणाऱ्या बाईला बिंदू मिळाला तोही खिंडीचा! हाताच्या मागच्या बाजूला, बरोबर त्याच्या पाठीला, वाइग्वान आहे, म्हणजे बाहेरचं नाकं. अंगठा आत आणि तर्जनी मागे अशी चिमूट धरली तर दोन्ही एकदम दाबले जातात. मला तीच पकड सोयीची पडली.

जागा अशी: मनगटाच्या आतल्या बाजूची, तळहाताला सर्वांत जवळची आडवी घडी धरायची आणि तिथून कोपराकडे दोन त्सुन (हे चिनी माप, पुढे सांगते) मोजायचे. तिथे मधल्या दोन कंडरांच्या फटीत बोट बसतं. आपल्याकडे लोक त्यांना सरसकट शिरा म्हणतात, पण त्या शिरा नव्हेत, स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या आहेत.

माझी पहिली चूक या त्सुनमध्येच झाली. त्सुन हे टेपवरचं माप नाही. ज्याच्या अंगावर मोजायचं त्याच्याच अंगठ्याच्या सांध्यापाशी जी रुंदी असते, तो एक त्सुन. आयुर्वेदातलं स्वांगुल प्रमाण आठवा, तत्त्व तेच. हे मला तोंडपाठ होतं, आणि तरी पहिल्या दोन फेऱ्यांत नऊ वर्षांच्या लेकीच्या हातावर मी माझी तीन बोटं ठेवून मोजलं. तीन बोटं म्हणजे दोन त्सुन हा सोपा हिशेब खरा, पण बोटं तिची हवीत! माझी तीन बोटं भरतात ४.६ सेंमी. तिची खरी जागा निघाली २.९ सेंमीवर. म्हणजे मी पोरीच्या हातावर जवळपास पावणेदोन सेंमी वर दाबत बसले होते.

आता मी इलॅस्टिक वापरते. शिवणाच्या डब्यातली पांढरी पट्टी घेतली, न ताणता तिच्यावर बारा सारख्या खुणा केल्या. कोपराच्या घडीपासून मनगटाच्या घडीपर्यंत बारा त्सुन धरतात. तेवढी पट्टी ताणायची की खुणा आपोआप त्या हाताच्या मापाच्या होतात. माझा हात २३ सेंमी, म्हणजे त्सुन साधारण १.९ आणि बिंदू ३.८ वर. माझ्याच तीन बोटांचं माप त्यापेक्षा आठ मिलिमीटर जास्त येतं, तेव्हा स्वतःच्या हातावरही बोटांवर फार विसंबू नका. जागतिक आरोग्य संघटनेने ३६१ बिंदूंच्या जागा ठरवून दिल्या आहेत, त्यातही मुख्य मोजमाप या प्रमाणाचंच आहे. बोटांचं माप मदतीला.

दुसरी गोष्ट चूक नव्हे, पण तीन आठवडे डोकं खाल्लं. उजव्या हाताला फट लगेच सापडायची, डाव्या हाताला कंडरा एकच! मला वाटलं, मलाच नीट चाचपता येत नाही. मग कळलं की काही लोकांच्या हातात मधली लांब कंडरा जन्मतःच नसते आणि त्यानं काही बिघडत नाही. अंगठा करंगळीला टेकवा आणि मनगट किंचित आत वाकवा. मनगटाच्या मधोमध ताठ दोरी उभी राहिली तर आहे, नाही तर नाही. माझ्या डाव्या हातात नाही. अशा वेळी जी कंडरा उरते, तिच्या करंगळीकडच्या बाजूला बिंदू धरायचा. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. सासूबाईंच्या दोन्ही हातांत नाही, आणि हे त्यांनी शेजारी अभिमानाने सांगितलं.

दाब किती? चिनी परंपरेत बिंदू 'लागला' की जे जाणवतं त्याला 'द-छी' म्हणतात आणि त्याचे चार प्रकार सांगतात: आंबट, बधिर, फुगल्यासारखं, जड. आंबट म्हणजे काय ते मला कळेना. बोटाला चव कशी? मग एकदा भांडी घासून हात भरून आलेला असताना दाबलं आणि कळलं. चिनी लोक थकलेल्या स्नायूच्या त्या दुखण्याला आंबट म्हणतात. आपल्याकडे त्याला भरून येणं, ठणकणं, अंग मोडून येणं असे किती तरी शब्द आहेत. झूसानलीला मला स्पष्ट भरून येतं. नेइग्वानला नुसतं जड वाटतं, आणि जोर वाढवला की मधल्या बोटापर्यंत मुंग्या. मुंग्या आल्या की लगेच हात सैल करा. हाताचा मधला मोठा मज्जातंतू तिथूनच खाली जातो, त्याला चेंगरण्यात शहाणपण नाही. घट्ट इलॅस्टिकला बटण शिवून पट्टाही करून पाहिला. घाटाच्या पायथ्याला, पोफळीला पोचेपर्यंत हातावर वळ आणि बोटं सुजलेली. तो पट्टा आता उदबत्तीच्या पुड्याला आहे.

आता फेऱ्या. दर वेळी घाटाच्या वरच्या अंगाला, हेळवाकला दाबायला सुरुवात, पोफळीला शेवट, परतीला उलट. दोन-तीन मिनिटं एक हात, मग दुसरा. मळमळीला शून्य ते दहा गुण, आणि ते लिहायचं काम यांच्याकडे, कारण घाटात मी वहीकडे पाहिलं तर संपलंच.

काहीच न करता तीन फेऱ्या: ७, ८, ५. नेइग्वान दाबून तीन: ४, ६, ३. हाताच्या कडेला मुद्दाम भलतीच जागा दाबून तीन: ५, ४, ७.

शेवटची ओळ परत वाचा. भलत्या जागेनंही थोडं कमी झालं. आणि चुकीच्या मापानं दाबलेल्या त्या दोन फेऱ्यांत लेक एकदाही ओकली नाही. पहिल्या तिनातला तो ५ पुढच्या सीटवर बसून आलेला आहे, हेही सांगायला हवं. नऊ फेऱ्यांवरून कुणी निष्कर्ष काढू नये, मीही काढत नाही. पण हाताकडे लक्ष गुंतल्यानं वळणांकडे दुर्लक्ष होतं, ही माझी शंका बळावली आहे.

बिंदूला अगदीच आधार नाही असंही नाही. १९८०च्या दशकात बेलफास्टचे भूलतज्ज्ञ जॉन डंडी यांनी शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर हा बिंदू तपासला. कॉक्रेन ही संस्था वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासते; तिच्या २०१५च्या आढाव्यात ५९ चाचण्या जमा केल्या होत्या, आणि खोट्या उपचारापेक्षा याचा उपयोग जास्त दिसला. पण ते भुलीनंतरचं. गाडी लागण्यावरचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे तिथला आकडा इथे चिकटवू नका.

कुणीतरी विचारेलच म्हणून: गरोदरपणातल्या मळमळीसाठीही नेइग्वान वापरतात, पण त्या दिवसांत हेगू आणि सानयिनज्याओ हे दुसरे दोन बिंदू परंपरेनेच वर्ज्य सांगितले आहेत. आणि छातीत दुखत असेल तर बिंदू शोधत बसू नका, दवाखाना गाठा.

जाता जाता एक. ही विद्या आपल्याकडे कशी आली हे शोधताना सोलापूरचे डॉ. कोटणीस भेटले. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांतले ते एक. त्याच पथकातले डॉ. विजयकुमार बसू १९५०च्या दशकाच्या शेवटी पुन्हा चीनला गेले, सुया टोचण्याची विद्या शिकून आले आणि भारतात वापरू लागले. सुया मी घेणार नाही, माझं अंगठ्यावर भागतं.

पुढची फेरी गणपतीला. या वेळी कुठली जागा दाबायची ते हे चिठ्ठी टाकून ठरवणार आणि मला सांगणार नाहीत, फक्त हातावर पेनानं ठिपका काढून देणार. अडचण एकच, जागा कुठली ते आता मला बघताक्षणी कळतं. तेव्हा दाबायचं काम लेकीकडे, आणि मी डोळे मिटून बसणार.