वेताळ, काळापहाड आणि आमचं दुकान

इंदूरच्या खजुरी बाजारात शाळेची पुस्तकं, वह्या, गाइडं सगळं मिळतं. आमच्याकडे यातलं काहीच मिळत नाही. आम्ही जुनी कॉमिक्स, हेरकथा आणि रहस्यकथा विकतो, भाड्यानं देतो आणि दुरुस्तही करून देतो. एवढ्यावर आमचं घर चालतं याचा मला अभिमान आहे.

सुरुवात बाबांनी केली ती रामबागेतल्या घराच्या पुढच्या खोलीत, वाचनालय म्हणून. अनामत भरायची, रोजच्या भाड्यानं पुस्तक न्यायचं. आजोबा मंडळी बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार किंवा काळापहाड मागायची, कोणाला गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप हवा असायचा. त्याच घरातला नातू हिंदी शाळेत शिकणारा, तो हिंदीतल्या कर्नल विनोदवर अडून बसायचा. अर्नाळकरांनी आणि नाईकांनी प्रत्येकी हजारावर पुस्तकं लिहिली, तरी आमच्या वाचकांना ती पुरत नसत. माझ्या मते इंदूरच्या मराठी माणसाची खरी श्रीमंती हीच. एका फळीवर दोन भाषा, आणि दोन्ही आपल्याच.

हा कर्नल विनोद मूळचा उर्दू हेरकथांमधला कर्नल फरीदी. इब्ने सफी यांनी १९५२ साली अलाहाबादेतून उर्दूत ‘जासूसी दुनिया’ ही हेरकथांची मालिका सुरू केली. त्याच वर्षी ते पाकिस्तानात गेले, पण लिहिणं थांबलं नाही, आणि त्यांच्या कथा इकडे हिंदीत येत राहिल्या. हिंदीत फरीदीचा विनोद झाला, त्यांच्या दुसऱ्या नायकाचा, इमरानचा, राजेश झाला. वेताळाचं, म्हणजे कॉमिक्समधल्या फँटमचं, असंच काहीसं. १९६४च्या मार्चमध्ये टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी इंद्रजाल कॉमिक्स काढलं, तेव्हा वेताळाचा मूळ लेखक ली फॉक याच्या कथांमधला बेंगाला देश आपल्याकडे डेंकाली झाला. मूळ कथा वर्तमानपत्रातल्या पट्ट्यांच्या. पुस्तकाच्या पानात बसवताना चौकटी गाळाव्या, हलवाव्या लागत. जाणकार गिऱ्हाईक आजही दोन्ही शेजारी ठेवून नेमकी कुठली चौकट गेली ते दाखवतं, आणि अशा वेळी आमचा तास कसा जातो ते कळत नाही. मला स्वतःला सगळ्यात जवळचा इंद्रजालमधलाच बहादूर, आबिद सुरतींचा, १९७६चा. भगवा कुर्ता, जीन्स आणि चंबळचे डाकू. आफ्रिकेतलं किंवा अमेरिकेतलं काही नाही, आपल्याच राज्यातली दऱ्याखोरी.

नव्वदच्या दशकात केबल आली आणि गल्लोगल्लीची वाचनालयं बसली. इंद्रजालही १९९०मध्ये बंद पडलं होतं. बहुतेकांनी माल किलोवर रद्दीत घातला. बाबांनी घातला नाही. लाकडी खोक्यांत कडुलिंबाचा पाला टाकून सगळा माळ्यावर चढवला. पुढे तोच माझ्या दुकानाचा पाया झाला.

नवा माल येतो तो मुख्यतः इंदूरजवळच्या महूकडून. लष्करी छावणी असल्यामुळे तिथे बदल्या सतत चालू असतात, आणि बदली झाली की सामानातलं जड ते आधी निघतं. इंग्रजी हेरकादंबऱ्या आणि छोट्या आकाराचे कमांडो या युद्धकथांच्या कॉमिक्सचे अंक तिथल्या रद्दीवाल्यांकडे पोत्यानं येतात. कमांडो स्कॉटलंडच्या डंडी गावातून १९६१पासून निघतंय. अशा पोत्यातून पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा अंक, चारही कोपरे शाबूत असलेला, हाताला लागला की त्या दिवशी दुसरं काम सुचत नाही.

दुरुस्तीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण लोक घरी नको ते करून बसतात. ही पुस्तकं स्वस्तात स्वस्त कागदावर छापलेली, वाचून टाकून देण्यासाठी. त्या कागदात लाकडातलं लिग्निन शिल्लक असतं. उजेड आणि हवा लागली की तो पिवळा पडतो, मग घडीवर तुटायला लागतो. आधी आम्ही गंजलेल्या पिना काढतो. उचकटायच्या नाहीत, मागचे पाय चिमट्यानं सरळ करून अलगद ओढायच्या, नाहीतर मधलं पानच हातात येतं. फाटलेल्या जागी जपानी टिश्यूची, म्हणजे पातळ पण चिवट कागदाची, पट्टी आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ, वर वजन, आणि रात्रभर हात लावायचा नाही. पावसाळ्यात खळ धड वाळत नाही आणि बुरशी धरते, म्हणून त्या महिन्यांत आम्ही काम हाती घेतच नाही. पारदर्शक चिकटपट्टी मात्र कधीही लावू नका. काही वर्षांत पट्टी गळून पडते आणि तिचा तपकिरी चिकट डाग पानात मुरतो, तो आमच्यानंही निघत नाही.

मध्यंतरी एका व्यापाऱ्यानं रंगीत झेरॉक्सचं मुखपृष्ठ लावलेले अंक आमच्या गळ्यात मारले. तेव्हापासून प्रत्येक मुखपृष्ठ भिंगाखाली जातं. जुन्या छपाईत रंगांचे ठिपके एका ठरावीक जाळीत बसलेले दिसतात, झेरॉक्समध्ये ती जाळी मोडलेली असते.

हल्ली कोरा करकरीत अंक मागणारे खूप. पिशवीत सीलबंद करून भाव चढायची वाट बघणारेही आहेत. त्यांनाही आम्ही माल देतो, पण आमचा जीव वाचणाऱ्यांत आहे. आमच्याकडे आधी पानं मोजली जातात, मग कोपरे पाहिले जातात. रहस्यकथेचं शेवटचं पान नसेल तर ती दुकानात विकायला लागत नाही, मुखपृष्ठ कितीही देखणं असो. वाचनालयाचे शिक्के, समासातले शेरे आम्ही पुसत नाही. एका रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर कोणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय, ‘डॉक्टरवर विश्वास ठेवू नका’. ती प्रत मी विकलेली नाही, ती फक्त भाड्यानं जाते.

आता फोटो, यादी आणि कुरिअरचं मुलगी बघते. तिच्यामुळे बडोदा, ग्वाल्हेर, नागपूर इथली मराठी घरं आमच्याशी जोडली गेली. सध्या आम्ही मराठी इंद्रजालचे अंक क्रमानं लावतोय, आणि मधल्या रिकाम्या जागा भरायच्या आहेत. घरातली जुनी ट्रंक रद्दीत द्यायच्या आधी आम्हाला एकदा दाखवा. विकायचंच असं नाही. पिना बदलून, पानं सांधून, पिशव्यांत घालून तुमचं तुम्हाला परत देऊ. त्या बदल्यात एकच मागणं, आमच्याकडे नसलेला अंक निघाला तर दुकानात बसून तो आम्हाला वाचू द्या.