आमची वाटचाल: भिंतीतलं मोहोळ पेटीत

आम्ही मूळचे मधपाळ. चार पेट्या ठेवून मध विकायचा, एवढाच बेत होता. पण मधमाश्यांचं काम करतात म्हटल्यावर फोन येऊ लागले: मीटरच्या खोक्यात माश्या, पोटमाळ्यावर माश्या. मागणी एकच, ‘मारून टाका.’ मारणार नाही, हलवून देऊ, असं आम्ही सांगायचो. बघता बघता मध मागे पडला आणि हेच मुख्य काम झालं.

सातेरी ही देशी मधमाशी हलवायला आम्हाला मनापासून आवडतं. ती अंधाऱ्या पोकळीत शेजारी शेजारी पोळी बांधते, म्हणून पेटीतही रमते. पिल्लांची जागा ती ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवते; त्या उबेवरून थर्मल कॅमेऱ्यात भिंतीमागचं पोळं हेरता येतं. थोडा धूर द्यायचा, पिल्लांची पोळी कापून चौकटीत दोऱ्याने बांधायची, राणीला पिंजऱ्यात घालून पेटीत ठेवायचं. बाकीच्या तिच्यामागे येतात. चरायला गेलेल्या परतेपर्यंत पेटी तिथेच. अंधार पडला की दार बंद करून २-३ किलोमीटर लांब न्यायची. जवळच ठेवली तर सकाळी निम्म्या माश्या पुन्हा जुन्या भिंतीवर.

खरी कटकट नंतरची. पोळं आत राहिलं तर वारा घालायला माश्या नसतात, उन्हाने मेण मऊ होतं, मध भिंतीतून पाझरतो, मुंग्या आणि मेणकिडा येतात. विषाने मारलेल्या मोहोळाचंही हेच होतं. शिवाय मेणाच्या वासावर पुढचा थवा तिथेच उतरतो. म्हणून खरवडून पोकळी बुजवतो. कोटेशनमधली नेमकी हीच ओळ लोकांना खटकते. ती वगळा म्हणणाऱ्यांचं काम आम्ही घेत नाही.

आग्या या मोठ्या मधमाशीची गोष्ट वेगळी. सज्जाखाली एकच थोरलं, उघडं पोळं. पेटीत ती राहत नाही. हंगाम सरला की आपणहून निघून जाते. पोळं उंचावर असेल, खाली वर्दळ नसेल, तर आम्ही फलक लावायला आणि रात्री त्या बाजूचा दिवा बंद ठेवायला सांगतो, कारण या माश्या उजेडाकडे झेपावतात. पाहणीचे पैसे मात्र घेतो. ‘काही केलंच नाही, मग पैसे कसले?’ हा वाद अजून मिटलेला नाही.

अलीकडे काही कंत्राटदार रंगकामाची परांची बांधण्याआधीच इमारत बघायला बोलावतात. माणसं दोरावर लटकत असताना येणाऱ्या फोनपेक्षा हे कितीतरी बरं.