जीएक्स 1+4 चा आवर्तकाल मोजताना

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मी जीएक्स 1+4 हा जोडतारा निवडला, कारण त्यातला न्यूट्रॉन तारा फारच सावकाश फिरतो. सर्वसाधारण पल्सार (ठरावीक अंतराने स्पंद पाठवणारा न्यूट्रॉन तारा) सेकंदभरात किंवा त्याहून कमी वेळात स्वतःभोवती फिरून येतो. याला एका फेरीला दोन-तीन मिनिटं लागतात (हाच त्याचा आवर्तकाल), त्यामुळे त्याचं फिरणं आलेखात नुसत्या डोळ्यांनीही ओळखता येतं. जोडीदार आहे व्ही 2116 ऑफ्युची हा तांबडा राक्षसी तारा. दोघांची एकमेकांभोवतीची प्रदक्षिणा 1161 दिवसांची. राक्षसी ताऱ्याने गमावलेला वायू जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर व्यासाच्या त्या गोळ्यावर कोसळतो, प्रचंड तापतो आणि क्ष-किरण फेकतो. याला सहजीवी क्ष-किरण जोडतारा म्हणतात. असे फार थोडे सापडले आहेत.

दुर्बिणीवर वेळ मागायची गरजच पडली नाही. नासाच्या हीझार्क संग्रहात क्ष-किरण उपग्रहांची जुनी निरीक्षणं सगळ्यांसाठी मोफत खुली आहेत. मी दोन घेतली: आरएक्सटीई उपग्रहाचं जुलै 1996 चं आणि न्यूस्टारचं ऑक्टोबर 2015 चं. इतकं अंतर मुद्दाम ठेवलं.

आरएक्सटीईचा मुख्य संवेदक प्रतिमा घेत नाही, समोरच्या आकाशातून आलेले फोटॉन फक्त मोजतो. म्हणून पार्श्वभूमी किती असेल ते मॉडेलने काढून वजा करावं लागतं. हा तारा आकाशगंगेच्या केंद्राच्या दिशेला असल्यामुळे ते काम आणखी जपून करायचं असतं. न्यूस्टार प्रतिमा घेतो, तिथे ताऱ्याभोवती वर्तुळ काढलं की निम्मं काम झालं. फायली आणि कॅलिब्रेशन यांत खूप वेळ जातो, पण त्याबद्दल सांगण्यासारखं विशेष काही नाही.

खरी गंमत वेळेच्या दुरुस्तीत आहे. पृथ्वी सेकंदाला सुमारे 30 किलोमीटर वेगाने सूर्याभोवती धावते. ती ताऱ्याकडे जात असेल तर स्पंद किंचित लवकर लवकर येतात, दूर जात असेल तर रेंगाळत. 124 सेकंदांच्या आवर्तकालात हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढा असतो. तरीही प्रत्येक फोटॉनची वेळ सूर्यमालेच्या गुरुत्वमध्यावरून मोजल्यासारखी बदलून घ्यायची. तसं केल्याशिवाय दोन वेगळ्या वर्षांतली निरीक्षणं शेजारी ठेवता येत नाहीत. एका आदेशाने हे होतं, पण तो आदेश काय करतो हे आधी कागदावर स्वतः सोडवून बघा, असं मी प्रत्येकाला सांगेन.

दुसरी अडचण उपग्रहाच्या कक्षेची. आरएक्सटीई साधारण दीड तासात पृथ्वीभोवती फिरायचा आणि प्रत्येक फेरीत काही काळ तारा पृथ्वीआड जायचा. डेटात ठरावीक अंतराने खिंडारं पडतात आणि पॉवर स्पेक्ट्रममध्ये (कुठला आवर्तकाल किती ठळक आहे ते दाखवणाऱ्या आलेखात) त्यांचेही उंचवटे उठतात. यातला ताऱ्याचा कुठला, हे ओळखायला फोल्डिंग उपयोगी पडतं. एक आवर्तकाल गृहीत धरायचा, सगळा डेटा तेवढ्या लांबीच्या तुकड्यांत कापून एकावर एक ठेवायचा. आवर्तकाल चुकीचा असेल तर सरासरी सपाट होते, बरोबर असेल तर आकार उमटतो. नासाच्या हीसॉफ्ट या सॉफ्टवेअरमधला ईएफसर्च असे शेकडो आवर्तकाल तपासून प्रत्येकाचा काय-वर्ग काढतो, म्हणजे उमटलेला आकार सपाट रेषेपासून किती वेगळा आहे त्याचं माप.

1996 च्या डेटात शिखर आलं 124 सेकंदांच्या जवळ. फोल्ड केल्यावर एक अरुंद, खोल खाच दिसली. चुंबकीय ध्रुवावर ओतल्या जाणाऱ्या द्रव्याचा स्तंभ आपल्या दृष्टिरेषेत आला की तो मागचा प्रकाश अडवतो, असं तिचं स्पष्टीकरण दिलं जातं. ती खाच मी आधी शोधनिबंधांत पाहिली होती. पण स्वतः उतरवलेल्या डेटातून ती पडद्यावर आली तेव्हा मी प्रोजेक्टच्या मॅडमना लगेच फोन केला.

2015 च्या डेटात खाच तशीच होती, आवर्तकाल मात्र 177 सेकंदांच्या आसपास. एकोणीस वर्षांत एक फेरी 53 सेकंदांनी लांबली! सूर्याएवढं वस्तुमान असलेली वस्तू माणसाच्या आयुष्यात कळून येईल इतकी मंदावते, याचं मला अजूनही नवल वाटतं.

हे नेहमी असंच नव्हतं. 1970 मध्ये ऑस्ट्रेलियातून सोडलेल्या बलूनवरच्या उपकरणाने हा तारा शोधला. त्यानंतरच्या दशकात त्याचा वेग वर्षाला सुमारे दोन टक्क्यांनी वाढत होता. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तो इतका अंधुक झाला की युरोपच्या एक्सोसॅट उपग्रहाला दिसलाच नाही. 1987 मध्ये जपानच्या गिंगाने तो पुन्हा गाठला, तेव्हा त्याची गती घटत होती. 1990 च्या दशकात आपल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) शास्त्रज्ञांनीही हैदराबादहून सोडलेल्या बलूनवरून त्याचे उच्च ऊर्जेचे क्ष-किरण मोजले. त्याच सुमारास कॉम्प्टन या अवकाश वेधशाळेवरच्या बॅट्सी उपकरणाच्या नोंदींतून दिसलं, की क्ष-किरण वाढले की तारा जास्त वेगाने मंदावतो. साध्या सिद्धांतानुसार उलट व्हायला हवं: जास्त द्रव्य पडलं तर फिरणंही वाढायला हवं. पडण्याआधी ताऱ्याभोवती फिरणारी द्रव्याची चकतीच ताऱ्याच्या उलट दिशेने फिरत असेल, असा एक विचार मांडला गेला. फिरत्या जात्याचा खुंटा उलटा ओढल्यासारखं. मला तो विचार आवडतो, पण माझ्या दोन बिंदूंवरून त्याबद्दल काहीच म्हणता येत नाही. त्यासाठी आवर्तकालाबरोबर तेजस्वितेचीही सलग नोंद हवी. फर्मी उपग्रहावरच्या जीबीएम या उपकरणाच्या गटाने या ताऱ्याच्या वारंवारतेची मोजमापं जाहीर ठेवली आहेत, सध्या ती आलेखात भरते आहे.

व्ही 2116 ऑफ्युची धुळीआड असल्याने घरच्या दुर्बिणीतून दिसणार नाही. आकाशातच काही बघायचं असेल तर शौरी तारकासमूहातला व्ही 934 हर्क्युलिस शोधा. हाही न्यूट्रॉन तारा सोबत असलेला तांबडा राक्षसी, प्रत (तेजस्वितेचं माप) सुमारे साडेसात, अंतर साधारण 1800 प्रकाशवर्षं. मेच्या रात्री अंधाऱ्या जागी साध्या द्विनेत्रीतून सापडतो. ती कक्षा आपल्याला जवळजवळ वरून दिसते, आणि प्रदक्षिणेला बारा वर्षं लागतात. त्याचे क्ष-किरण येतात, पण स्पंद मिळालेले नाहीत, म्हणून माझ्या पद्धतीचा तिथे उपयोग नाही.

हे करून बघायचं असेल तर लिनक्स आणि थोडं पायथन पुरतं. लॅपटॉप जुना असेल तर सायसर्व्हरवर खातं उघडा, तिथे हीसॉफ्ट आणि संग्रह दोन्ही ब्राउझरमध्येच चालतात. सुरुवात 1996 च्या डेटापासून करा, ती खाच लवकर दिसेल.